ग्रामपंचायतीला केंद्राचा निधी किती, हे कसं ठरतं? आपल्या गावाचा आकडा स्वतः काढा

सरपंच एक आकडा सांगतात, ग्रामपंचायत अधिकारी दुसरा सांगतो आणि तालुक्याला जाऊन आलेला कुणीतरी तिसराच आकडा घेऊन येतो. ग्रामसभेत मग ‘वरून किती आले आणि गेले कुठे’ यावर अर्धा तास जातो. खरं तर हा आकडा गुप्त नाही. शाळेतलं त्रैराशिक येत असेल तर कुणालाही घरी बसून तो काढता येतो.

त्यासाठी डोक्यातली एक समजूत मात्र आधी बदलावी लागते. केंद्र सरकार दरवर्षी गावाकडे बघून ‘यंदा यांना एवढे द्या’ असं काही ठरवत नाही. रक्कम पाच वर्षांसाठी एकदाच ठरते. दरवर्षी ठरतं ते एवढंच, की त्या वर्षाचे पैसे तुमच्या संस्थेला सोडायचे की अडवायचे. म्हणून ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर दिल्लीतल्या एका अहवालात असतं, तर ‘का आले नाहीत’ याचं उत्तर बहुतेकदा आपल्याच गावात, तालुक्यात किंवा मंत्रालयात.

पायरी १ : हे पैसे कुठले, ते आधी वेगळं करा

गावात येणारा प्रत्येक सरकारी रुपया एकाच पिशवीतला नसतो. रोजगार हमीची मजुरी थेट मजुराच्या खात्यात जाते. आमदार निधी, खासदार निधी आणि जिल्हा नियोजन समितीचा पैसा यांचे रस्ते निराळे. मुद्रांक शुल्काचं अनुदान राज्याचं. पेसा गावांना (आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा खास कायदा लागू असलेल्या गावांना) मिळणारा ५ टक्के अबंध निधीही राज्याच्या आदिवासी विकासाच्या तरतुदीतून येतो, केंद्राच्या नव्हे.

आपण इथे बोलतोय ते केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाबद्दल. गावात याला नुसतं ‘पंधरावा वित्त’ म्हणतात. खालचे आकडे आणि अटी याच पंधराव्या आयोगाच्या, मार्च २०२६ पर्यंतच्या आहेत. एखादी ठरलेली योजना राबवायची म्हणून हा पैसा येत नाही. स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून ग्रामपंचायतीचा तो हक्काचा वाटा आहे, त्यामुळे त्याचा हिशोब बाकी सगळ्यापासून वेगळाच ठेवावा. चर्चेत जे आकडे जुळत नाहीत, त्यातले निम्मे या सरमिसळीमुळे जुळत नाहीत.

पायरी २ : पाच वर्षांची रक्कम आणि त्यातलं आपलं वर्ष

राज्यघटनेच्या कलम २८० नुसार राष्ट्रपती साधारण दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमतात. केंद्राच्या करांत राज्यांचा वाटा किती, हे त्याचं मूळ काम. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायती व नगरपालिकांना बळ देण्यासाठी काय करावं, हे सुचवण्याची जबाबदारीही आयोगावर आली. दहाव्या आयोगाने (१९९५-२०००) सुरुवात केली ती १९७१ ची ग्रामीण लोकसंख्या धरून माणशी १०० रुपये, इतक्या साध्या हिशोबाने.

चौदाव्या आयोगाने मोठी उडी मारली. पाच वर्षांसाठी २ लाख २९२ कोटी रुपये, आणि तेही फक्त ग्रामपंचायतींना. पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा पूर्ण बाहेर. सदस्य नाराज झाले नसते तरच नवल. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना पुन्हा पंगतीत घेतलं. २०२१-२६ या पाच वर्षांसाठी त्याने स्थानिक संस्थांकरता एकूण ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यातले २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांचे आणि १,२१,०५५ कोटी शहरी संस्थांचे. उरलेले मुख्यतः आरोग्यासाठीचे, शिवाय नव्या शहरांसाठी वगैरे.

ग्रामीण रकमेची देशपातळीवरची वर्षवार फोड अशी :

२०२१-२२ : ४४,९०१ कोटी
२०२२-२३ : ४६,५१३ कोटी
२०२३-२४ : ४७,०१८ कोटी
२०२४-२५ : ४९,८०० कोटी
२०२५-२६ : ४८,५७३ कोटी

शेवटच्या वर्षाचा आकडा आदल्या वर्षापेक्षा कमी आहे, हे नीट बघून ठेवा. २०२५-२६ मध्ये गावाला थोडे कमी आले तर त्यात कुणी हात मारला असेलच असं नाही, मुळात तरतूदच कमी होती. याहून मोठा धक्का आधीच बसला होता. याच आयोगाच्या पहिल्या अहवालानुसार २०२०-२१ या एका वर्षासाठी ६०,७५० कोटी होते. पुढच्याच वर्षी ते ४४,९०१ कोटींवर आले. म्हणजे त्या दोन वर्षांचे जमेचे आकडे शेजारी मांडले, तर पाव हिश्शाहून जास्त घट दिसते आणि ती देशभर सगळ्याच पंचायतींना सोसावी लागली.

पायरी ३ : महाराष्ट्राचा वाटा

राज्याराज्यांत वाटणी करताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. गरिबी, दुष्काळ, कर वसुलीतली हुशारी यांतलं काहीही या सूत्रात नाही. त्यामुळे वाद घालायला जागा कमी, पण बीडच्या आणि कोल्हापूरच्या गावाला एकच फूटपट्टी लागते.

२०२०-२१ च्या ६०,७५० कोटींपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ५,८२७ कोटी आले होते आणि २०२१-२२ च्या ४४,९०१ कोटींपैकी ४,३०७ कोटी. दोन्ही वर्षी टक्केवारी काढली तर ती ९.५९ येते. सूत्र बदललेलं नसल्याने हीच टक्केवारी पुढच्या वर्षांना लावता येते. २०२४-२५ चं बघू : ४९,८०० कोटींचे ९.५९ टक्के म्हणजे सुमारे ४,७७५ कोटी. पुढचं सगळं गणित मी याच आकड्यावर करतो.

पायरी ४ : तीन स्तरांत वाटणी

आयोगाने मर्यादा आखून दिल्या : ग्रामपंचायतींना ७० ते ८५ टक्के, पंचायत समित्यांना १० ते २५, जिल्हा परिषदांना ५ ते १५. या चौकटीत नेमकं प्रमाण राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने ८०-१०-१० ठरवलं. गोव्यासारख्या राज्यात मधला तालुका स्तरच नाही, तिथे जिल्हा पंचायतीची मर्यादा १५ ते ३० टक्के आहे.

आपल्या ४,७७५ कोटींतले ८० टक्के म्हणजे ३,८२० कोटी सगळ्या ग्रामपंचायतींचे.

पायरी ५ : आपल्या गावाचा आकडा

इथून पुढची वाटणी राज्य वित्त आयोगाच्या, म्हणजे राज्याने स्वतः नेमलेल्या आयोगाच्या, स्वीकारलेल्या शिफारशींप्रमाणे करायची, तशी शिफारस नसेल तर पुन्हा तेच ९०-१० चं सूत्र. आपण त्याच सूत्राने अंदाज बांधू.

महाराष्ट्राची २०११ ची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १६ लाखांच्या जवळ होती. ३,८२० कोटींचे ९० टक्के, म्हणजे ३,४३८ कोटी, या लोकसंख्येने भागले की माणशी साधारण ५५८ रुपये येतात. उरलेले ३८२ कोटी क्षेत्रफळावर. ग्रामीण क्षेत्र ढोबळमानाने ३ लाख चौरस किलोमीटर धरलं तर हेक्टरी सव्वाशे रुपयांच्या थोडे वर.

समजा, गावाची लोकसंख्या २,५०० आणि क्षेत्र १,००० हेक्टर आहे :

लोकसंख्येपोटी २,५०० × ५५८ = १३ लाख ९५ हजार.
क्षेत्रापोटी १,००० × १२७ = १ लाख २७ हजार.
एकूण सव्वापंधरा लाखांच्या आसपास.

प्रत्यक्ष जमा रक्कम यापेक्षा थोडी इकडेतिकडे असणारच. मधल्या काळात काही ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, काहींचं विभाजन झालं, त्यामुळे भागाकाराचा आकडा बदलतो. पण पंधरा लाखांच्या जागी नऊ लाख दिसले तर ते ‘इकडेतिकडे’ नव्हे. कुठला तरी हप्ता राहिलाय, आणि तो शोधायचा.

लोकसंख्येचा आकडा टाकताना दोन गोष्टी सांभाळा. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या सगळ्या महसुली गावांची बेरीज करा. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय आकडे मिळतात. दुसरं, सरपंच ज्या लोकसंख्येची शपथ घेतात ती आजची असते, सूत्रातली २०११ ची. गाव तेव्हापासून दुप्पट झालं तरी निधी जुन्याच डोक्यांवर.

यात एक बोच आहे, जी ऊसतोड मजुरांच्या गावांना चांगली ठाऊक आहे. २०११ ची जनगणना झाली फेब्रुवारीत, ऐन गाळपाच्या हंगामात. बीड-पाथर्डीकडचे जे मजूर तेव्हा सबंध काळ फडावर होते, त्यांची नोंद नियमाप्रमाणे तिथल्या गावात व्हायची. अशा गावांचा कागदावरचा आकडा मुळातच बारीक आणि निधी त्या आकड्याला बांधलेला. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. ज्या गावांतून शेकडो कोयते बाहेर पडतात त्यांनी या गोष्टीकडे आत्तापासून लक्ष द्यायला हवं.

पायरी ६ : बंधित आणि अबंधित

आलेला पैसा हवा तसा खर्च करता येत नाही. त्यातला ६० टक्के बंधित असतो : ३० टक्के स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीची स्थिती टिकवण्यासाठी, ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी. एका बाबीची गरज खरोखर पूर्ण भागली असेल तर तिचे पैसे दुसऱ्या बाबीवर वापरता येतात. उरलेले ४० टक्के अबंधित. आपल्या उदाहरणात सव्वापंधरा लाखांपैकी ६ लाख १० हजारांच्या आसपास अबंधित आणि ९ लाखांहून थोडे जास्त बंधित.

अबंधित म्हणजे वाटेल तसा, हा गैरसमज महागात पडतो. तो घटनेच्या अकराव्या परिशिष्टातल्या २९ विषयांपैकी गावाला गरज असेल त्यावर खर्चायचा. पगार आणि आस्थापना खर्च त्यातून चालत नाही. सत्कार, उद्घाटनं, सजावट, सांस्कृतिक कार्यक्रम, सदस्यांचा प्रवासभत्ता, गाडी किंवा एसी घेणं हेही नाही. दुसऱ्या योजनेतून झालेल्या कामाला इथून पुन्हा पैसे लावणंही बाद. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर येते, सत्कार झालेल्या पाहुण्यावर नाही.

पायरी ७ : दरवर्षीची चाळणी

केंद्राचा ‘वार्षिक निर्णय’ खरा होतो तो इथे. पाच वर्षांची रक्कम ठरलेली असली तरी प्रत्येक वर्षी काही अटी पूर्ण झाल्या की नाही ते बघितलं जातं.

पहिली अट निवडून आलेल्या संस्थेची. मुदत संपून प्रशासक बसला असेल तर त्या संस्थेच्या वाट्याचे पैसे केंद्र सोडत नाही. महाराष्ट्राला याचा जबर फटका बसला. २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता आणि निवडणुका लांबत गेल्या. न्यायालयाने त्या घ्यायला सांगितलं ते ६ मे २०२५ रोजी. चौदाव्या आयोगात नियमाने बाहेर राहिलेले हे दोन स्तर पंधराव्यात आत आले खरे, पण बहुतेक ठिकाणी प्रशासकामुळे पुन्हा बाहेरच राहिले. ‘आमच्या गटातलं काम अडलंय’ म्हणणाऱ्या माजी सदस्यांना याचं उत्तर द्यायला फारसं कुणी बसलं नाही.

दुसरी अट हिशोबाची. मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशोब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब, दोन्ही ऑनलाइन सगळ्यांना दिसले पाहिजेत. पहिली दोन वर्षं सवलत होती : राज्यातल्या किमान २५ टक्के संस्थांनी हे केलं तरी भागायचं. २०२३-२४ पासून सवलत संपली. ज्या ग्रामपंचायतीचे दोन्ही हिशोब वर चढलेले, तिलाच पैसे. शेजारच्या गावाला आले आणि आपल्याला नाही, असं झालं असेल तर सगळ्यात आधी इथे बघा. दप्तर अडकलंय, डिजिटल सहीची मुदत संपलीय, आधीच्या अधिकाऱ्याने बदली होताना पदभार नीट दिलेला नाही, अशी कारणं निघतात. यांतलं एकही दिल्लीचं नसतं.

तिसरी अट राज्यासाठी आहे. प्रत्येक राज्याने राज्य वित्त आयोग नेमावा, त्याच्या शिफारशींवर काय केलं याचा अहवाल मार्च २०२४ पर्यंत विधिमंडळासमोर ठेवावा, नाहीतर पुढचं अनुदान बंद. ही अट राज्याने मोडली तर शिक्षा गावाला. मला हे उलटं वाटतं, पण राज्य वित्त आयोगांकडे वर्षानुवर्षं डोळेझाक करणाऱ्या सरकारांना हलवायला दुसरं हत्यारही फारसं नव्हतं.

याशिवाय गावाचा वार्षिक विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवलेला असावा लागतो. आराखडा ग्रामसभेतून जातो आणि त्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. फेब्रुवारीत जागं होऊन ‘माझ्या गल्लीतली गटार घ्या’ म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते. तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारीतल्या ग्रामसभा चुकवू नका.

पायरी ८ : पैशाचा रस्ता

वर्षाचे पैसे दोन हप्त्यांत येतात, नियमाप्रमाणे जून आणि ऑक्टोबरमध्ये. प्रत्यक्षात उशीर होतो. अबंधित हप्त्याची शिफारस पंचायती राज मंत्रालय करतं, बंधितची जलशक्ती मंत्रालय. दोन्ही पैसे सोडतं मात्र अर्थ मंत्रालय. म्हणूनच कधी एक हप्ता दिसतो आणि दुसरा आठवड्यांनी येतो.

राज्याच्या तिजोरीत पैसे आले की १० कामाच्या दिवसांत ते खाली वर्ग करायचे, हा नियम आहे. उशीर केला तर राज्याने तेवढ्या दिवसांचं व्याज द्यायचं. आधीचा हप्ता खाली गेल्याचं प्रमाणपत्र राज्याने दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. तक्रार करायची असेल तर दोन तारखा लागतात : केंद्राने सोडल्याची आणि आपल्या खात्यात आल्याची. पहिली केंद्राच्या प्रसिद्धिपत्रकात किंवा अर्थ मंत्रालयाच्या मंजुरी आदेशात मिळते, दुसरी बँकेच्या पासबुकात. मध्ये १० कामाच्या दिवसांपेक्षा जास्त गेले असतील तर व्याज आलं का, हा प्रश्न लेखी विचारायला हरकत नाही.

पायरी ९ : पडताळणी

ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडायला लॉगिन लागत नाही. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत जा. मंजूर आराखडा आणि जमा-खर्च असे दोन प्रकारचे अहवाल काढा. आराखड्यात प्रत्येक कामापुढे रक्कम आणि निधीचं नाव असतं. जमाखर्चात पंधराव्या वित्त आयोगाचा रकाना बघा. ‘मेरी पंचायत’ या मोबाइल ॲपवरही यातलं बरंच दिसतं. लेखापरीक्षण अहवालासाठी ऑडिटऑनलाइन हे वेगळं पोर्टल आहे.

मग तीन आकडे एका कागदावर मांडा : आपण काढलेला अंदाज, पोर्टलवरची जमा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ५ म्हणजे रोकड वहीतली जमा. पहिल्या दोघांत फरक असेल तर हप्ता वर कुठेतरी अडलाय. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक असेल तर प्रश्न गावातला आहे आणि तो ग्रामसभेत विचारायचा. वर्षअखेर शिल्लक किती पडून आहे तेही बघा. कित्येक ठिकाणी पैसे येऊन पडलेले असतात, बंधित रकमेतून काय करावं हे न सुचल्यामुळे किंवा अंदाजपत्रक करून द्यायला अभियंता न मिळाल्यामुळे.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. ‘वित्त आयोगाची सगळी माहिती द्या’ असं लिहू नका, त्याला मोघम म्हणून बाजूला टाकतात. आर्थिक वर्ष लिहा, बंधित-अबंधित वेगळं विचारा, रोकड वहीची पानं आणि बँक खातेउतारा यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील पंचायत समिती स्तरावर.

शहरात राहणाऱ्यांसाठी

नगरपंचायत आणि नगरपरिषदांचं सूत्र गावासारखंच : ४० टक्के अबंधित, ३०-३० टक्के स्वच्छता आणि पाणी. दहा लाखांवरच्या नागरी समूहांना, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक वगैरेंना, अबंधित काहीच नाही. त्यांच्या रकमेचा एक तृतीयांश हवेची गुणवत्ता सुधारण्यावर आणि दोन तृतीयांश पाणी, स्वच्छता, घनकचरा यांतल्या कामगिरीवर अवलंबून. शहरांना आणखी एक अट आहे, मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची. शिवाय कराची वसुली दरवर्षी राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या मागच्या पाच वर्षांतल्या सरासरी वाढीच्या चालीने वाढली पाहिजे. निवडणुकीच्या तोंडावर घरपट्टी माफीच्या घोषणा होतात, तेव्हा ही अट कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. जकात गेल्यापोटी महापालिकांना दरमहा मिळणारी भरपाई हा राज्याचा पैसा, तो यात धरू नका.

१ एप्रिल २०२६ नंतर

वर दिलेले आकडे आणि टक्केवाऱ्या पंधराव्या आयोगाच्या, मार्च २०२६ पर्यंतच्या. अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालचा सोळावा आयोग ३१ डिसेंबर २०२३ रोजी नेमला गेला आणि त्याची पाच वर्षं २०२६-२७ पासून धरायची. नव्या चक्राचं गणित करताना आयोगाचा अहवाल, अर्थ मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आणि राज्याचा शासन निर्णय ही तीन कागदपत्रं समोर ठेवा. पहिल्यातून वर्षवार रक्कम आणि लोकसंख्या-क्षेत्रफळाचं वजन घ्या, दुसऱ्यातून बंधित-अबंधितचं प्रमाण आणि पात्रतेच्या अटी, तिसऱ्यातून तीन स्तरांची टक्केवारी. जुन्या चक्रातली न खर्चलेली शिल्लक नव्या रकमेत मिसळू नका. पहिल्या हप्त्याची जमा बघतानाच दोन्ही रकाने वेगळे आहेत ना, याची खात्री करून घ्या.